शेवटच्या नावापाशी काढलेला चष्मा

१९९१च्या नाताळात, सकाळी साडेनऊच्या सुमारास, धुळ्याजवळच्या एका खेड्यातल्या लहानशा चर्चमध्ये भर उपासनेत मला रुपचंद आबांच्या नाकावरून काढून घेण्यात आले. काढणारा त्यांचा धाकटा मुलगा गिरधर होता.

मित्रांनो, मी एक जुना, जाड भिंगांचा चष्मा आहे. जामनेरच्या नेत्रशिबिरात आबांचे मोतीबिंदू काढले, तेव्हा मी त्यांच्याकडे आलो. माझ्यावाचून त्यांना माणूस म्हणजे नुसती हलणारी सावली दिसे. माझी एक दांडी सैल झाली, तेव्हा त्यांनी ती काळ्या दोऱ्याने बांधली, पण मला टाकले नाही.

माझे मानाचे काम नाताळचे. त्या दिवशी आबा मत्तयाच्या पहिल्या अध्यायातली वंशावळ वाचत. अब्राहामापासून येशूपर्यंत नावेच नावे. पोरे चुळबुळत आणि मगन मास्तर दर वर्षी म्हणत, ‘‘आबा, यंदा एक्स्प्रेस सोडा, बारीक स्टेशनं गाळा.’’ आबा एकही नाव गाळत नसत. देवाने दिलेला शब्द पिढ्यान् पिढ्या कसा पाळला, ते या नावांतून कळते, असे ते सांगत. परमुलखातून आलेल्या रूथच्या नावापाशी त्यांचे बोट जरा थांबे. येशूचे नाव झाले की ते घरात नव्याने आलेल्या लेकराचे नाव घेत. मंडळी ‘आमेन’ म्हणाली की लेकरू घराण्यात आले.

त्या वर्षी नाव घ्यायचे होते पाच वर्षांच्या एस्तेरचे. थोरला सुकदेव आणि त्याची बायको यांनी तिला जळगावच्या एका अनाथाश्रमातून लेक म्हणून आणले होते. पावसाळ्यात नरडाण्याच्या रस्त्यावर ट्रकने त्या दोघांना उडवले. पोर आबांपाशी राहिली. गिरधरला ते खपेना. कुणाचे रक्त ठाऊक नाही, उद्या माझ्या मुलींच्या सोयरिकीत लोक विचारतील, असे तो म्हणे. नाव घेतले तर बघा, असेही त्याने बजावले होते.

आबा वाचत वाचत योसेफापर्यंत आले आणि थांबले. माझ्यातून त्यांनी पहिल्या रांगेतल्या गिरधरकडे पाहिले आणि आपल्या अहिराणीत विचारले,

‘‘गिरधर, त्या येशू बाळमा योसेफनं रगत व्हतं का? तरी वंशावळ योसेफनीच शे.’’

गिरधर उठला. त्याने दोन बोटांनी मला अलगद काढले. ‘‘थकलात, आबा. बसा आता,’’ म्हणाला आणि मला खिशात टाकले. अंधारात मला आबांचा आवाज ऐकू आला, ‘‘एस्तेर. सुकदेवनी पोर शे.’’ पाठोपाठ एकट्या मगन मास्तरांचे ‘आमेन’ आले.

घरी माझी शोधाशोध झाली. गिरधरही शोधत होता. खाटेखाली वाकला, तेव्हा मी त्याच्याच खिशात होतो.

दोन दिवसांनी तो जळगावला निघाला. बांगड्या घेऊन देतो, फक्त घराबाहेर पडेपर्यंत बोलायचे नाही, असे त्याने एस्तेरला समजावले होते. आबा ओट्यावर बसले होते.

‘‘संगे कोन शे रे?’’

‘‘कोनी नही, आबा. एकलाच शे.’’

मला मात्र खिशात दोघांच्या पावलांचा आवाज येत होता.

मित्रांनो, म्हाताऱ्या माणसाचा चष्मा कधी लपवू नका. त्याच्या डोळ्यांसमोरून काय काय नेले जाते, ते त्याला दिसत नाही.

आता आम्ही जळगावच्या त्या अनाथाश्रमात आहोत. एस्तेर बाहेरच्या बाकावर बसून बांगड्यांची वाट पाहते आहे. कारकुनाने मुलीचे नाव लिहून घेतले आणि विचारले, ‘‘बापाचं नाव काय लावू?’’

गिरधरचा हात खिशात आला आणि त्याने मला मुठीत आवळले. माझ्या डाव्या भिंगाला तडा गेला आहे. कारकुनाने तोच प्रश्न पुन्हा विचारला आहे.