चंद्राची ओटी

नारळाची शेंडी ओली होती अजून... तेजलची नजर तिथेच अडकली. गव्हाणीच्या कडेला ताट, त्यात नारळ, मूठभर गहू, हळदकुंकू. निफाडच्या या तबेल्यातली रीतच होती – घोडीला गाभ राहिल्याचं डॉक्टरनं सांगितलं, की मालकाची आई, नवसाबाई, तिची ओटी भरायची. आणि डॉक्टर तेजलनं आत्ताच सांगितलं होतं, की चंद्रा यंदाही रिकामीच आहे.

"सुयांनी भाकड केली तिला," मालक राज म्हणाला. "मागल्या साली दुसऱ्या घोडीच्या पोटात गर्भ वाढवायला हिची अंडी काढली ना, तेव्हाच मला शंका आली होती. आता वरातवाल्याला देऊन टाकतो."

भाकड! अंडी काढायची हौस कोणाची होती – चंद्राची? सुईनं अंडाशय दुखावतं, क्वचित व्रणही राहतो, कोण नाही म्हणतंय? म्हणून तर तेजलनं आज सोनोग्राफीच्या मशीनवर कोपरा न् कोपरा पाहिला होता. कुठे व्रण नाही, सगळं निरोगी... तरी ही मुकी घोडी आता फटाक्यांत, बँडच्या दणदणाटात नवरदेव वाहणार. 

इतक्या सुया टोचून घेतल्यावर आत काय उरणार – हे सासूबाई म्हणाल्या होत्या, तेजलच्याच उशाशी, मूल होईना म्हणून केलेल्या दुर्बिणीच्या तपासणीची भूल पुरती उतरलीही नव्हती तेव्हा... आणि नवरा, प्रफुल्ल, खिडकीबाहेर बघत होता. त्यानं स्वतःची तपासणी कधी करून घेतलीच नाही. माझ्यात काय असणार, म्हणाला, नि विषय मिटला. कसा मिटला? कोणी मिटवला?

"हिला लावलेला घोडा तपासलाय का?" तिनं विचारलं.

राज हसलाच. "मॅडम, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात रेवाल चालीच्या स्पर्धेत नंबर काढलाय त्यानं! त्याला काय तपासायचं?"

"चालीनं गाभ राहतो का?"

आवाज जरा चढलाच. चंद्रानं कान टवकारले. नवसाबाईनं पदर सारखा केला नि ताटाकडे बघतच म्हणाली, "तू व्हायच्या आधी मलाबी भाकडच म्हणायचे, राजा. तुझ्या बापाला कोणी काय इचारलं नाय."

 राज दोरीची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधत पुटपुटला, "बघू... त्या घोड्याच्या मालकाशी बोलून बघतो."

तेजल बादलीत हात धूत राहिली. स्वच्छ झाले तरी धूत राहिली. किती सहज विचारलं आपण – घोडीसाठी तोंड होतं आपल्याला, मग नाशिक रोडच्या त्या घरात, त्या जेवणाच्या टेबलाशी ते कुठे जातं? सासूबाईंचा राग तिनं इतके दिवस जपून ठेवला होता, आज राजचाही आला होता; पण आता तो त्या दोघांवर ठरेना. रागानं तोंड फिरवलं होतं – खिडकीबाहेर बघणाऱ्या त्या माणसाकडे...

ताट तिथेच होतं. नवसाबाईनं ते आत नेलं नव्हतं.