चुकवू नयेत असे वीस बार

प्रीती मॅडमचा मेसेज आला तेव्हा मी ओट्यावर बसून मिरच्यांची देठं खुडत होते. ‘देशभर फिरताना चुकवू नयेत असे वीस बार. शुक्रवारपर्यंत दे. आणि अर्पिता, स्वतः जाऊन आल्यासारखं वाटलं पाहिजे.’

पुण्यातलं ऑफिस बंद पडल्यापासून मी पिंपळगाव रेणुकाईला घरीच असते आणि एका ट्रॅव्हल वेबसाइटसाठी याद्या लिहिते. बर्फातली पंधरा गावं मी लिहिली, बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलेला असताना. समुद्रकिनारे लिहिले, पोहता येत नसताना. वाचणाऱ्यांना फरक पडत नाही. त्यांनाही कुठं जायचं नसतं. जाऊन आलेल्यांना नावं ठेवायची असतात. पण बारचं काही जमेना. दोन दिवस इंटरनेटवर शोधलं, तर सगळीकडं एकच मजकूर: मंद प्रकाश, भन्नाट संगीत, अविस्मरणीय रात्र. माझ्यासारख्याच कुणीतरी घरी बसून लिहिलेला.

“मला विचार की,” मोठेबाबा म्हणाले.

मोठेबाबा म्हणजे माझे थोरले काका, कडूबा. जालन्याच्या कारखान्यातली सळई ट्रकमध्ये भरून त्यांनी तीस वर्षं देश पालथा घातला. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरनं लिव्हरचा फोटो समोर धरला तेव्हा दारू सुटली आणि पाठोपाठ ट्रकही. तेव्हापासून ते पारावर बसून देशाची माहिती देतात. गावातल्या निम्म्या लोकांना काश्मीर ते कन्याकुमारी तोंडपाठ झालंय, तेही चुकीचं.

“वीस काय, दोनशे सांगतो,” ते म्हणाले. “लिव्ह. पहिलं कलकत्ता.”

मी लॅपटॉप उघडला. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती.

“कलकत्त्याचा बार इंग्रजाच्या वेळचा. पंखा बी इंग्रजाच्याच वेळचा. वेटर पगडी घालून येतो. पाणी मागितलं तर असा पाहतो, जशी त्याची जमीन मागून राह्यलो. बंगळुरूत लोकं उभ्यानं पितात. खुर्चीच न्हाई! अरे, बैल बी पाणी पिला की बसतो. पंजाबात दारूच्या ठेक्याला लागूनच अहाता असतो, बसून प्यायचा पत्र्याचा मांडव. तिथं कोंबडी चांगली, पण माणसं गळ्यात पडून रडतात. गोव्यात तर पोरं समुद्राकडं पाठ करून बसतात आन् मोबाइलमध्ये समुद्राचा फोटो पाहतात.”

“मग यातलं चुकवू नये असं कोणतं?”

“सगळे,” मोठेबाबा ऐटीत म्हणाले. “एकदा पाहावं माणसानं.”

मोठीआई, म्हणजे त्यांची बायको चतुराबाई, आमच्याकडं पाठ करून मिरच्या उन्हात पसरत होती. ती मधूनमधून नाकानं एक आवाज काढायची. तीस वर्षं ट्रक ड्रायव्हरची बायको असलेल्या बाईलाच तो आवाज जमतो.

“आन् एक लिव्ह,” मोठेबाबांना आता रंग चढला होता. “यानम. कुणाला म्हाईत नसतं. आंध्रात आहे, काकीनाड्याजवळ, पण राज्य पाँडिचेरीचं. दारू निम्म्या भावात, सोनंच म्हण. आपलीच गोदावरी तिथं समुद्राला मिळती. काठावर बार. मी तिथं चार दिवस होतो.”

“कधी?” मोठीआईनं विचारलं. तिनं मान वळवली नव्हती.

“असंल अठरा-वीस वर्षं. श्रावण होता. नदी भरून चाल्ली होती—”

मोठेबाबा थांबले. मीही टाइप करायची थांबले, पण का ते मला कळलं नव्हतं. मोठीआई हातातली मिरची तशीच धरून उभी राहिली.

“श्रावणात,” ती म्हणाली. “आपल्या वंदनाचा साखरपुडा होता श्रावणात. तुमचा फोन आल्ता. पुरात राजमुंद्रीचा पूल बंद पडला म्हणले, गाडी अडकली म्हणले.”

मोठेबाबा उन्हातल्या मिरच्यांकडं बघू लागले.

मोठेबाबांच्या मुलीच्या, वंदनाताईच्या साखरपुड्याला मी सहा वर्षांची होते. मंठ्याहून मुलाकडचे पाहुणे आले होते. मोठेबाबांच्या जागी माझे वडील पाटावर बसले होते आणि आतल्या खोलीत वंदनाताई नवी साडी नेसून रडत होती. सगळे म्हणत होते, अगं, पुराला कोण काय करणार?

“पूल चालू होता का?” मोठीआईनं विचारलं.

“चालू होता.”

“गाडी?”

“गाडी खाली करून दिल्ती. तिथून निघालोच न्हाई.”

मला वाटलं, आता घरात काहीतरी फुटणार. पण मोठीआईनं हातातली मिरची जागेवर ठेवली, पदराला हात पुसला आणि माझ्याजवळ येऊन बसली.

“लिव्हलं का तू हे?”

“लिहिलं.”

“बरं केलं. आता मला बार दाखव.”

“फोटो दाखवू?”

“फोटो न्हाई. बार. आत जाऊन बघायचाय मला.”

“भोकरदनला नको,” मोठेबाबा घाईघाईनं म्हणाले. “लोकं वळखतात.”

“मंग जालन्याला. तुम्ही बी चला. तुम्हाला तर सगळं म्हाईत.”

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, जालन्याला जातोच आहोत तर डोळेही तपासून घेऊ. मोठीआई म्हणाली, “दुसरं काम काढू नको. बार बघायला चाललो म्हणूनच जायचं.” एसटीत शेजारच्या उषाबाई भेटल्या. कुठं निघालात, त्यांनी विचारलं. मोठीआईनं खणखणीत आवाजात सांगितलं, “बारमधी.” उषाबाई हसल्या, मग त्यांना कळलं की ही थट्टा नाही, आणि भोकरदन येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मोठेबाबा दोन सीट मागं जाऊन बसले होते.

जालन्यात मी स्टँडपासून लांबचा, ‘फॅमिली रूम’ अशी पाटी असलेला बार निवडला. दुपारचे बारा वाजले होते. बाहेर लखलखीत ऊन. आत पाऊल टाकलं तर काहीच दिसेना. मोठीआईनं माझा दंड धरला.

“लाइट गेली का इथली?”

“न्हाई मावशी, हाय की लाइट,” वेटर म्हणाला. त्याच्या खिशावर मच्छिंद्र असं नाव होतं. पासष्ट वर्षांची नऊवारीतली बाई बघून तो गडबडला होता. “जेवण का?”

“आधी बसू तर दे.”

फॅमिली रूममध्ये आमच्याशिवाय फॅमिली नव्हती. रेक्झीनचा कोच मधोमध फाटलेला. भिंतीवर निळी लाइट. काचेच्या टाकीत एकच मासा होता, तोही खालच्या दगडांपाशी पडून. टीव्हीवर आवाज बंद करून क्रिकेट लावलेलं. वास फिनेलचा आणि कांद्याचा. मोठीआईनं हे सगळं एकेक करून पाहिलं, जशी ती स्थळ बघायला गेल्यावर मुलाचं घर बघते.

मी तीन लिंबू सोडा सांगितले. सोबत खारे शेंगदाणे आले. तिनं एक दाणा तोंडात टाकला.

“खवट हाय.”

मच्छिंद्र म्हणाला, “मावशी, दाण्यांची चव कुणी बघत न्हाई इथं.”

“ते दिसूनच राह्यलं.” तिनं वाटी बाजूला सारली. “आन् माणसं कुठं बसतात? पिणारी?”

त्यानं पडद्याकडं बोट केलं. मोठीआई उठली आणि पडदा सारून सरळ तिकडं गेली. मी मागं धावले. मोठेबाबा आधी बसून राहिले, मग तेही आले.

तिकडच्या खोलीत दहा-बारा टेबलं होती. पाच-सहा माणसं, एकेका टेबलावर एकेक. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एक शर्ट-पँटीतला माणूस ग्लास समोर ठेवून मोबाइलवर बोटं फिरवत होता. एकजण नुसताच भिंतीकडं बघत होता. भिंतीवर काहीही नव्हतं. आम्हाला पाहून त्यांनी मान खाली घातली. घरापासून इतक्या लांब येऊनही आईनं पकडावं, अशी.

मोठीआई बराच वेळ उभी राहिली. मग तिनं वळून मोठेबाबांना विचारलं, “यानमला बी असंच होतं?”

“तिथं नदी होती.”

“नदी आपल्याकडं बी हाय. बारमधी काय होतं?”

“असंच होतं.”

“गाणं? नाच? तुमच्या त्या फोनवर मागून बाई हसत होती. मी माझ्या कानानं ऐकलं.”

“टीव्ही होता तो,” मोठेबाबा म्हणाले. “गल्ल्यावर टीव्ही होता.”

“म्हणजे बाई नव्हती?”

“रेणुकामातेची शपथ. नव्हती.”

एखादी बायको हे ऐकून सुखावली असती. मोठीआईचा चेहरा मात्र उतरला, आणि मग त्यावर जे आलं तसं मी तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. रागावर औषध असतं. ही किळस होती.

“अठरा वर्षं,” ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण त्या शांत खोलीत सगळ्यांना ऐकू जात होता. “अठरा वर्षं मी त्या बाईचा विचार केला. गोरी असंल, शिकलेली असंल, माझ्यात नसंल असं काहीतरी तिच्यात असंल. पाच मंगळवार देवीला अनवाणी गेले मी, तिच्यापासून सोडव म्हणून. आन् तुम्ही पोरीचा साखरपुडा सोडून याच्यासाठी बसले होते? ह्या खवट दाण्यांसाठी? चार दिवस केलं काय तिथं?”

मोठेबाबांनी तोंड उघडलं. कलकत्ता, पंजाब, गोवा, सगळं त्या तोंडात होतं एरवी.

“बसलो होतो,” ते म्हणाले.

“नुसते?”

“नुसतं.”

मोबाइलवाल्या माणसानं मोबाइल उलटा ठेवला. मोठीआईनं त्या खोलीवरून, त्या माणसांवरून आणि शेवटी नवऱ्यावरून नजर फिरवली.

“चल गं,” ती मला म्हणाली. “यांना बसू दे. यांना बसता येतं.”

आम्ही बाहेर आलो. मोठेबाबा सोड्याचं बिल देऊन मागून आले आणि परतीच्या एसटीत उभ्यानं राहिले, जागा असूनही.

मी शुक्रवारी यादी पाठवली. मोठेबाबांची वाक्यं मी तशीच ठेवली होती आणि यानमपुढं लिहिलं होतं: इथं चार दिवस बसता येतं. प्रीती मॅडमचा फोन आला. “हे काय लिहिलंयस? लोकांना जावंसं वाटायला पाहिजे. किती निगेटिव्ह!” तिनं ते सगळं काढून मंद प्रकाश आणि अविस्मरणीय रात्र घातली. यादी पन्नास हजार लोकांनी वाचली म्हणे. खाली एकानं लिहिलं होतं, ‘अगदी खरं, मी गेलोय सगळीकडे.’ मला त्याची कीव आली, मग माझीही आली.

मोठेबाबांचं पारावर जाणं थांबलं. कारण सोपं होतं: मोठीआई देवळाच्या पायऱ्यांवर बायकांना सगळं सांगून मोकळी झाली होती आणि बायकांनी ते रात्रीच्या जेवणाबरोबर घरोघरी वाढलं होतं. पारावर ते जाऊन बसले की कुणीतरी हमखास विचारायचं, “कडूबा, यानमचे दाणे कसे होते?” आठवडाभर त्यांनी कळ काढली. मग एका सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते एकटेच मंठ्याला, वंदनाताईकडं गेले. कुणी सांगितलं नव्हतं. मोठीआईनं विचारलंही नाही कशाला जाता म्हणून.

ते दिवस मावळताना परतले. मी आणि मोठीआई चुलीपुढं बसलो होतो.

“सांगितलं तिला?” मोठीआईनं विचारलं.

“सांगितलं. तिला आधीच म्हाईत होतं. आमच्या क्लीनरनं तिच्या लग्नातच सांगितलं होतं तिला.”

पोरीनं इतकी वर्षं हे पोटात ठेवलं, आईलाही सांगितलं नाही, हे मोठीआईला लागलं असावं. तिनं जाळ पुढं सारला.

“मंग काय म्हणली?”

“काही न्हाई. जेवून जा म्हणली.”

“जेवले?”

“जेवलो.”

“लाज न्हाई,” मोठीआई म्हणाली. तिनं परातीतलं पीठ पाहिलं, आम्हा दोघींच्या दोन भाकरींपुरतं ठेवलं आणि उरलेलं परत डब्यात टाकलं.