पुण्याचा मिस्त्री

मित्रांनो, मी एक जुनी परदेशी मोटार आहे. एके काळी माझ्यात एकदा तरी बसायला मिळावं म्हणून माणसं वाट बघायची. पण आज मी तुम्हाला माझ्या मोठेपणाबद्दल थोडं आणि लाजेबद्दल जास्त सांगणार आहे. मोठेपणा सगळेच सांगतात.

माझा जन्म जर्मनीतला. तिथल्या कारखान्यात माझं एकेक दार बसवल्यावर कामगार ते पुन्हा पुन्हा लावून बघायचे. दार लागताना फक्त 'धप्' असा मऊ आवाज आला पाहिजे, पत्रा वाजता कामा नये, असा तिथला नियम होता. माझा रंग गडद निळा, बैठका कातड्याच्या, आणि चालकासमोरची पट्टी खऱ्या लाकडाची. बोटीतून मी मुंबईला उतरले आणि तिथून थेट जयसिंगपूरला आले. तंबाखूच्या एका मोठ्या व्यापाऱ्यानं मला हौसेनं मागवलं होतं.

त्या घरात मला फार मान मिळाला. दसऱ्याला मला झेंडूच्या माळा घालत. मी बाजारपेठेतून निघाले की दुकानदार गल्ला सोडून पायरीवर येत. मला वाटायचं, हे असंच चालणार.

पण व्यापारी वारले. नव्वदच्या सुमारास बाजारात नव्या, हलक्या गाड्या येऊ लागल्या आणि त्यांच्या मुलांना त्या आवडल्या. मला गोदामाच्या मागं नेऊन उभं केलं. एक काच अर्धी उघडी राहिली होती. त्यातून कोंबड्या आत आल्या आणि मागच्या बैठकीवर अंडी घालू लागल्या. उंदरांनी वायरी कुरतडल्या. कुणी पाहुणा गोदामाकडं आला की मला वाटायचं, यानं आपल्याकडं बघू नये.

अशा अवस्थेत मला प्रसेनजीतनी विकत घेतलं. ते कसबा बावड्यात राहायचे आणि साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. त्यांची आई सरुबाई. तिनं तरुणपणी दुसऱ्यांच्या शेतात ऊस तोडून मुलाला शिकवलं होतं. आपल्या दारात अशी गाडी असावी, ही प्रसेनजीतची लहानपणापासूनची इच्छा होती. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण मी सुरूच होईना, म्हणून त्यांना मला ट्रॅक्टरच्या मागं दोर बांधून आणावं लागलं. सगळी गल्ली बघायला जमली.

सरुबाई दारात येऊन म्हणाली, "एवढी मोठी गाडी, आन् म्हशीगत दोरीला बांधून आणलीस व्हय रं?"

गल्ली हसली. प्रसेनजीत पण हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

पुढं त्यांनी दोन-तीन गॅरेजवाले बोलावले. एकानं माझं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि परत लावलं. "पावणं, हिचं सामान हिकडं मिळत न्हाय. इकून टाका," असं म्हणून तो निघून गेला. शेवटी प्रसेनजीतनी माझ्यावर ताडपत्री टाकली. कारखान्यात कुणी विचारलं, "साहेब, गाडी फिरवताय की न्हाय?" तर ते विषय बदलायचे.

मला त्या ताडपत्रीखालून बाहेर काढलं ते मिरच्यांनी. उन्हाळा होता. चटणीच्या मिरच्या वाळवायला मोठं काहीतरी हवं होतं, म्हणून प्रसेनजीतच्या पत्नीनं, अक्षतानं, ताडपत्री ओढून अंगणात पसरली. अक्षता राजारामपुरीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. मिरच्या पसरून झाल्यावर ती माझ्याकडं बघत उभी राहिली. मग तिनं बॉनेट उघडलं. बराच वेळ ती नुसती बघत होती, कुठली नळी कुठून निघते आणि कुठं जाते ते.

दुसऱ्या दिवशी ती पान्यांचा एक संच घेऊन आली. नंतर जुन्या पुस्तकांच्या दुकानातून माझ्या जातीच्या गाड्यांच्या दुरुस्तीचं पुस्तक मिळवलं. मित्रांनो, तिला यातलं आधी काहीही येत नव्हतं. पहिलाच बोल्ट तिनं जास्त आवळला आणि तो तुटला. एकदा डिझेलची नळी सोडताना फवारा उडाला आणि शेजारी बसलेल्या सरुबाईचं लुगडं भिजलं.

"आता ह्या लुगड्याला काडी लावतीस की काय!" सरुबाई ओरडली.

"आत्ती, चुकलं माझं. तुम्ही जरा लांब बसा."

"लांब कशाला? काय धरायचं ते सांग की."

तेव्हापासून सासू-सुना दोघी मिळून माझं काम करू लागल्या. ब्रेकच्या तेलातली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्यानं चाकापाशी बारीक स्क्रू सैल करायचा. सरुबाई अनवाणी पायानं ब्रेक दाबायची. खालून अक्षता म्हणायची, "दाबा... धरा... सोडा." सरुबाई वरून म्हणायची, "धरलाय की! पाय सुन्न झाला माझा." मला इतकं हसू येई! उंदरांनी खाल्लेल्या वायरी अक्षतानं एकेक करून बदलल्या. गंजलेली टाकी उतरवून धुतली. आणि एका रविवारी मी सुरू झाले.

सुरू होताना मी इतका काळा धूर सोडला, की शेजाऱ्यांची वाळत घातलेली धुणी पुन्हा धुवावी लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण अक्षता डोळे पुसत होती, आणि ते धुरानं नव्हतं.

प्रसेनजीतना आनंद झाला. ते मला कारखान्यावर नेऊ लागले. पण तिथं लोक विचारू लागले, "साहेब, दुरुस्त कुणी केली?" आणि बायको गाडीखाली झोपते हे त्यांच्या तोंडून निघेना. त्यांना वाटलं, लोक पुन्हा हसतील. ते म्हणाले, "पुण्याचा एक मिस्त्री येतो रविवारी." एकदा म्हटलं, मग तेच म्हणत राहिले.

एका रविवारी अक्षता माझ्याखाली झोपून सायलेन्सरचा पट्टा आवळत होती. तेवढ्यात केरबा तात्या आले. बावड्यातले मोठे बागायतदार. त्यांच्याच शेतात सरुबाईनं पूर्वी ऊस तोडला होता. त्यांच्या घरचं माणूस आजवर या अंगणात आलं नव्हतं. प्रसेनजीत लगबगीनं पुढं झाले.

"गाडी झकास केलीस गड्या," केरबा माझ्या टपावर थाप मारून म्हणाले. "आन् खाली कोन झोपलंय?"

प्रसेनजीतनी माझ्याखालच्या पावलांकडं बघितलं. मग म्हणाले, "पुण्याचा मिस्त्री हाय, तात्या."

मित्रांनो, त्या वेळी मला जे वाटलं ते मी विसरू शकत नाही. अक्षताचा हात थांबला. तिनं बाहेर दिसणारी पावलं हळूच आत ओढून घेतली. तेलाचा थेंब तिच्या गालावर पडला, पण पुसताना आवाज होईल म्हणून तिनं तो पुसला नाही. जिनं मला उकिरड्यातून वर काढलं, तिलाच मी चोरीच्या मालासारखी माझ्या पोटाखाली लपवत होते. जमिनीनं गिळावं असं मला वाटलं.

केरबा कामासाठीच आले होते. त्यांच्या मुलाचं, ऋतुराजचं, लग्न होतं. लग्नानंतर नवरा-नवरीला जोतिबाच्या डोंगरावर दर्शनाला न्यायला त्यांना मी हवी होते. प्रसेनजीत लगेच हो म्हणाले. ज्या घरात आपल्या आईला कधी आत घेतलं नाही, त्या घरच्या नव्या सुनेला आपल्या गाडीतून न्यायचं, याचं त्यांना मोठं अप्रूप वाटलं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात अक्षतानं माझी चाकं काढली. पुढच्या चाकाला ब्रेकचं तेल नेणारा रबरी पाइप तिनं बोटांनी वाकवून बघितला. त्याला बारीक भेगा होत्या आणि ब्रेक दाबला की तो फुग्यासारखा फुगत होता. तिनं लगेच मुंबईतल्या सुट्या भागांच्या एका दुकानदाराला फोन करून नवा पाइप मागवला.

संध्याकाळी ती प्रसेनजीतना म्हणाली, "पाइप येईपर्यंत गाडी गल्लीबाहेर काढायची नाही. घाटात तर मुळीच नाही."

"मी शब्द दिलाय तात्यांना."

"मग सांगा, ब्रेकचं काम अपुरं आहे."

"कोण म्हणतं विचारलं तर? बायको म्हणती, असं सांगू?"

अक्षतानं हातातला पाना खाली ठेवला. मग एवढंच म्हणाली, "पुण्याचा मिस्त्री म्हणतो, असं सांगा. पण नेऊ नका."

लग्न झालं, पण पाइप आला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षता शाळेत गेल्यावर प्रसेनजीतनी मला फुलांनी सजवून बाहेर काढलं. मागं ऋतुराज आणि नवी नवरी मोना बसली. पुढं केरबांच्या पत्नी बाळाबाई बसल्या. आमच्या मागून ट्रॅक्स जीपमधून केरबा आणि बाकीची मंडळी येत होती. चढताना सगळं ठीक झालं. दर्शन झालं. सगळ्यांच्या कपाळाला गुलाल लागला.

उतरताना एका वळणाच्या आधी प्रसेनजीतनी ब्रेक दाबला आणि माझ्या पुढच्या चाकापाशी तो पाइप फुटला. तेल रस्त्यावर गेलं. ब्रेक मऊ पडून पार खाली टेकला. मी थांबायचा जिवाच्या आकांतानं प्रयत्न करत होते, पण माझ्या हातात काही नव्हतं. समोर वळण होतं आणि वळणापलीकडं दरी. "धरा!" असं ओरडून प्रसेनजीतनी गियर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि मला डोंगराच्या बाजूला घातलं. माझी कूस दगडांवर घासत गेली. पत्रा फाटल्याचा आवाज झाला आणि मी चरीत रुतून थांबले.

मोना दार ढकलून बाहेर आली. बाळाबाईंचा हात मुरगळला होता. बाकी कुणाला काही झालं नव्हतं. ट्रॅक्स थांबली आणि केरबा धावत आले. आधी त्यांनी सुनेला बघितलं, मुलाला बघितलं, आणि मग ते कडाडले.

"कुठं हाय तो तुझा पुण्याचा मिस्त्री? नाव सांग त्याचं! माझी सून मेली असती आज. हात-पाय मोडून ठेवतो त्याचं!"

सगळी वऱ्हाडी मंडळी भोवती जमली होती. प्रसेनजीत माझ्या दाराला धरून उभे होते. ते गप्प राहिले असते, तर एका नसलेल्या माणसावर सगळं ढकलून मोकळे झाले असते. त्यांच्या ओठांवर ते आलंही असेल. पण ते म्हणाले, "मिस्त्री कोन न्हाय, तात्या. गाडी माझी बायको दुरुस्त करती. तिनं मला सांगितलं हुतं, नेऊ नका म्हणून. मीच आणली."



मग बाळाबाई आपला दुखरा हात धरून म्हणाल्या, "म्हंजे ह्यांनी त्या दिवशी गाडीखाली बघितली ती तुझी बायको हुती? आन् तू तिला मिस्त्री म्हणालास?"

प्रसेनजीतनी होकारार्थी मान हलवली. त्यांना वर बघवेना. केरबांचा हात उगारलेला होता, तो हळूहळू खाली आला. "चला," ते मंडळींना म्हणाले, "बायकास्नी ट्रॅक्समधी बसवा. बाकीचे चालत जाऊ खाली." जाताना त्यांनी माझ्याकडं वळूनही बघितलं नाही. कुणीतरी माझ्या बॉनेटवरचा हार काढून घेतला.

मला पुन्हा ट्रॅक्टरनंच ओढून आणलं. पण या वेळी मला ट्रॅक्टरची लाज वाटली नाही. अंगणात अक्षता उभी होती. तिनं फुटलेला पाइप बघितला आणि विचारलं, "पोरीला लागलं नाही ना?"

"न्हाय."

"त्या दिवशी मी खाली होते. तुम्ही बोललात ते ऐकलं मी. मला वाटलं, मीच काहीतरी वाईट काम करतेय."

 उंबऱ्यात बसलेली सरुबाई मुलाला म्हणाली, "मी लोकाचा ऊस तोडला. कोयता खांद्यावर टाकून भर रस्त्यानं गेले. कुनापासनं लपवलं न्हाय. तुला कशाची रं लाज वाटली?" आणि ती उठून आत गेली.

पुढं बरेच दिवस अक्षतानं पान्याला हात लावला नाही. मुंबईहून आलेला पाइप खिडकीत पडून होता. प्रसेनजीत मात्र कारखान्यात गेले आणि ज्याला ज्याला मिस्त्रीची गोष्ट सांगितली होती, त्याला त्याला जाऊन खरं सांगितलं. काही हसले. काहींनी चेष्टा केली. ती त्यांनी ऐकून घेतली. बाळाबाईंना बघायला ते अक्षताला घेऊन गेले. तिथं मोनानं अक्षताला आत बोलावून आपल्या शेजारी बसवलं. दोघी काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, मी तेव्हा आमच्या अंगणात दगडांवर उभी होते. पण परत आल्यावर अक्षतानं खिडकीतला पाइप उचलला.

"या," ती नवऱ्याला म्हणाली, "ब्रेक दाबायला माणूस लागतं."

मित्रांनो, आता मी फार म्हातारी झाले आहे. नव्या गाड्या शेजारून गेल्या की माझा आवाज मलाच मोठा वाटतो. तरीही अक्षता मला शाळेपर्यंत घेऊन जाते. रविवारी दोघं माझं बॉनेट उघडतात, तेव्हा अंगणाचं फाटक सताड उघडं असतं, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला अक्षताचे तेलकट हात दिसतात.

माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. तुमच्या घरी सायकल असो, पंखा असो, शिवणयंत्र असो, त्याला वेळेवर तेल द्या, त्याची कुरकुर ऐका. आणि कुणी विचारलं, "हे नीट कुणी केलं?" तर ज्यानं केलं असेल त्याचं नाव मोठ्यानं सांगा.