तुरुंगात आणि तुरुंगाची

डेल्फीनने सोमवारी राजीनामा दिला आणि गुरुवारी तिला कळलं की कर्ज माफ होणार नाही.

कर्जाच्या कचेरीतली फोनवरची बाई भली होती. तिने सगळं दोनदा सांगितलं. दहा वर्षं सरकारी नाहीतर धर्मादाय नोकरी करत हप्ते भरले, की शिक्षणाचं उरलेलं कर्ज माफ. डेल्फीनला हे तोंडपाठ होतं. पण तिची सहाच वर्षं धरली होती.

"मी दहा वर्षं एकाच तुरुंगात नर्स आहे," ती म्हणाली. "खोलीसुद्धा बदललेली नाही."

"बरोबर आहे. पण गेली चार वर्षं तुम्ही तुरुंगात काम करता, तुरुंगाचं नाही. पगार खासगी कंपनी देते."

एका प्रत्ययात चार वर्षं गेली.

चार वर्षांपूर्वी राज्याने तुरुंगाचा दवाखाना कंपनीकडे सोपवला, त्या सकाळी कंपनीने डोनट आणले होते, निळी जाकिटं वाटली होती आणि सह्या घेतल्या होत्या. किल्ल्या त्याच, कैदी तेच, फिनेलचा वासही तोच. डेल्फीनला फरक एवढाच जाणवला की जाकिटाची चेन अडकते. कैद्याने गोळी गिळली की जिभेखाली लपवली, हे ती गालावरून ओळखायची. तिच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे.

राजीनामा दिला होता तो बर्नीसाठी. थोरली बहीण बर्नी उत्तरेला, सरोवराकाठच्या गावात बेकरी चालवते. तिची नजर कडेकडेने विझत चालली आहे. डॉक्टरांच्या मते उरलेली दोन वर्षं टिकेल, फार तर तीन. कर्ज फिटलं की डेल्फीन तिथे जाणार होती. बेकरीत दोघींचं पोट भागलं असतं, पण व्याजाने फुगलेल्या कर्जाचे हप्ते निघणं शक्य नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत तिने लमाँटला सांगितलं. लमाँट पहारेकरी. कॉलेजसाठी त्यानेही कर्ज काढलं होतं आणि गेल्या वसंतात ते माफ झालं होतं.

"मग माझं कसं झालं?" त्याचा काटा गार शेवयांतच राहिला. "आपण तर एकाच दारावर असतो."

"तू दार उघडतोस, मी आत जाते. उघडणारा राज्याचा, आत जाणारी कंपनीची."

"म्हणजे मी तुझ्यापेक्षा वरचा. उद्यापासून मला साहेब म्हणायचं." ती हसली नाही, तेव्हा त्याने डबा बाजूला सारला. "राजीनामा मागे घे, डेल."

"कशाला? इथे म्हातारी झाले तरी एक दिवस धरणार नाहीत."

"राज्याची दुसरी नोकरी?"

"दक्षिणेला मनोरुग्णालय आहे त्यांचं, माणसं हवी आहेत. बर्नीपासून गाडीने दिवसभराची वाट." ती थोडं थांबली. "आणि उरलेली चार वर्षं तिथे काढायची."

लमाँट हिशेबात कच्चा नव्हता. दोन किंवा तीन, आणि इकडे चार.

संध्याकाळी गाडीत बसल्या बसल्या तिने बर्नीला फोन लावला.

"किती खोकी आणतेयस?" बर्नीने विचारलं. "तुझी खोली रंगवून घेतली मी. रंगाऱ्याने कोपरा सोडला असेल तर तूच बघ, मला कोपरे दिसत नाहीत."

डेल्फीनने सगळं सांगितलं. मध्येच बर्नीने गिऱ्हाइकाला थांबवलं, मग दुकानाचं दार लावल्याचा आवाज आला.

"चार," बर्नी म्हणाली.

"हो."

"दुसरं काही?"

"दुसरं काही नाही. मी विचारलं."

"तुला सही करताना वाचायला काय झालं होतं गं?"

"कळलं नाही, बर्नी. कुणालाच कळलं नाही."

मग बर्नी म्हणाली, "जाऊ दे. तू सुरकुतलेली मला दिसणार नाहीस. तुझाच फायदा."

डेल्फीन सवयीने हसली आणि हसू अर्ध्यावरच तुटलं.

"त्या तिकडे जायच्या आधी एकदा येऊन जा," बर्नी म्हणाली. "या रविवारी ये. दुपारी, ऊन असताना. उजेड असला की अजून बरं दिसतं मला."

"येते," डेल्फीन म्हणाली.

रविवारी तिची तुरुंगात ड्यूटी होती. ते तिने सांगितलं नाही.