घंटा होईपर्यंत

विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात सराववर्गाचा एकच नियम होता: घंटा होईपर्यंत कोणीही भूमिका सोडायची नाही. एकाने शिक्षक व्हायचं आणि उरलेल्या थोराड मंडळींनी पाचवीतली पोरं. मॅडम मागच्या भिंतीशी बसून गुण द्यायच्या, घंटा त्यांच्याच हाताशी असायची.

आज शिक्षक व्हायची पाळी तिची होती, शेवटचा सरावपाठ. जमला तर सोमवारपासून खरी शाळा, खरी पोरं. तिचे वडील मास्तर. जगाच्या पोरांना त्यांनी पुस्तकातून शहाणं केलं, स्वतःच्या पोरीला लाकडी पट्टीने. मारताना ते मोठ्याने आकडे म्हणत. रडलं की पुन्हा एकपासून. आपल्या वर्गात कुणावर हात उठणार नाही, या एकाच हट्टापायी तिने इथे प्रवेश घेतला होता.

विषय तरफेचा. टेबलावर हातभर लांब लाकडी दांडी, खाली लोखंडी टेकू.

"टेकू भाराच्या जवळ सरकवला तर काय होईल?"

मागच्या बाकावर पैलवान होता. कुस्ती सोडून मास्तरकीला आलेला, आणि द्वाड पोराचं काम असं वठवायचा की सगळे फिदा. त्याने आधी खडू फेकला. मग शेजारच्या काडीला टपली मारली. काडी म्हणजे फुंकर मारली तर उडेल असा.

"बाई, हा माझं पेन चोरतो!"

"खोटारडा!" काडी नाकात रडला. वर्ग हसला, मॅडमही हसल्या.

"पेन मधल्या सुट्टीत शोधू," ती म्हणाली. "हात खाली."

पैलवानाने काडीचा हात पाठीमागे पिरगाळला. "बाई, ही बघा तरफ! हे कोपर म्हणजे टेकू, आणि हे मनगट..."

"आई गं! सोड, सोड!"

"काय झकास ओरडतो रे," कुणीतरी म्हणालं.

"सोड त्याला. पुरे झालं नाटक!"

"नाही सोडत जा!" पैलवान पोराच्या आवाजात म्हणाला आणि त्याने आणखी जोर लावला. "घंटा कुठे झालीय?"

तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडम मान खाली घालून लिहीत होत्या. काडीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता, कपाळावर घाम डवरला होता. रडण्याचं सोंग आणता येतं, घामाचं नाही. मग त्याच्या कोपरातून आवाज आला, ओली फांदी मोडावी तसा.

दांडीचा पहिला फटका पैलवानाच्या खांद्यावर बसला. त्याची पकड सुटली, काडी बाकाखाली कोसळला. दुसरा फटका कानावर. तिसऱ्याने भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. तो हात जोडत भिंतीकडे सरकत होता आणि दांडी उगारून ती मोठ्याने म्हणत होती, "चार! पाच!"

"बाई, ह्याला लागलं!" पुढच्या बाकावरची एक जण अजून पाचवीच्याच आवाजात किंचाळली. एकाने तर शहाण्या पोरासारखं बोट वर केलं.

तेव्हा कुठे घंटा वाजली.

काडीच्या हाताला प्लास्टर, पैलवानाला टाके. मॅडमनी तिला खोलीत बोलावलं.

"चूक माझी. मला वाटलं, पोरं काम छान करताहेत. तू काडीला वाचवलंस, मी सगळ्यांना तेच सांगणार. सोमवारी शाळेत जा."

"पहिल्या फटक्यालाच त्याने सोडलं होतं, मॅडम."

"रागाच्या भरात होतं गं असं."

"तो खरंच पाचवीतला असता तर?"

मॅडमनी गुणांची वही मिटली.

"मला इतक्यात खरी पोरं देऊ नका. इथेच पुन्हा पाठ घेते. मागे तोच बसू दे."

टाके निघाल्यावर पैलवान आला. "बाई, आज दांडी नाही ना आणली?" म्हणाला. सगळे हसले, तोही. काडीच्या जागेवर मात्र कोणी बसलं नाही.

तिने पुठ्ठ्याची पट्टी आणली होती. पाठ मस्त रंगला. पैलवान हाताची घडी घालून ऐकत होता. बोलता बोलता ती बाकांमधून मागे गेली आणि फळ्यावरची आकृती दाखवायला तिने हात उचलला.

पैलवानाची मान खांद्यांत गेली. कोपर झटकन चेहऱ्यासमोर आलं.

एवढा आडदांड गडी! वर्ग पुन्हा हसला. ती हसली नाही. लहानपणी घरात ती नेमकी तशीच आक्रसून बसायची. त्यात सोंग नव्हतं, हे तिला वेगळं सांगायला नको होतं.

तिने हात हळूच खाली घेतला.

"मॅडम," ती म्हणाली, "घंटा वाजवा."