कोंबड्यांपुढे टाकलेली ताटली

मी एक जुनी एनॅमलची ताटली आहे, आणि तुमच्यावर माझा राग आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. मैत्री वगैरे काही नाही.

पत्र्याला ठोकून मला आकार दिला, वरून काचेचा पांढरा लेप चढवला आणि धगधगत्या भट्टीत घातलं. एकदा नाही, दोनदा. विस्तव काय असतो ते मला विचारा. तुम्हाला काडी ओढता आली की वाटतं, आपण विस्तवाचे मालक झालो.

मुफुलिरा या खाणीच्या गावी, कामगारांच्या वस्तीत मी मुसेंगेच्या घरी आले ती मोठ्या मानानं. आमच्या बेम्बा लोकांत मुलीला मागणी घालताना मध्यस्थ दोन ताटल्या आणतो, एकीवर एक पालथी, पांढऱ्या कापडात बांधलेल्या. आत मागणीची खूण असते. मुलीकडच्यांनी ताटली उघडली की होकार. मुसेंगेची मागणी माझ्यातून आली. खालची ताटली मी होते. वरची पुढे कुणीतरी नेली ती परत आलीच नाही. माणसांची जात, दुसरं काय!

लग्नानंतर वीज जायला लागली आणि माझ्यावर मेणबत्ती आली. तेव्हा मुसेंगे शहाणी होती, खोटं कशाला बोलू? मेणबत्तीचं बूड वितळवून ती मला घट्ट चिकटवायची, भोवती पाणी ओतायची, वात लांबली की कातरायची. पडद्यापासून लांब, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात मला ठेवायची. खोलीतून निघताना आधी फुंकर, मग पाऊल. पुढे मुलगा झाला, कातोंगो. सगळी वस्ती म्हणायची, कातोंगोच्या आईचं घर बघा.

मग तिनं दोऱ्याचे रुमाल विणायला घेतले. खुर्च्यांवर रुमाल, टेबलावर रुमाल, टीव्हीवर तर झालरीचा. त्या पांढऱ्या थाटात माझे उडालेले टवके तिला खुपायला लागले. एके दिवशी चर्चच्या बायका यायच्या होत्या. त्यांच्यासमोर लाज नको म्हणून तिनं मला उचललं आणि अंगणात कोंबड्यांपुढे पाण्याला ठेवलं. बायका आल्या, चहा पिऊन गेल्या, मला आत घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. ज्या ताटलीतून हिचा संसार आला, तिच्यात कोंबड्या चोची बुडवत होत्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

आणि मेणबत्ती कुठे? मार्गारिनच्या डब्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणावर. झाकण टीव्हीवरच्या रुमालावर. शेजारी पडदा, पडद्यामागे लहानग्या कातोंगोचं अंथरूण. डोकं म्हणून काही असतं की नाही?

शेजारच्या झेलिपानं ते पाहिलं. झेलिपा पूर्वेकडची, न्गोनी लोकांतली. बेम्बा आणि न्गोनी फार पूर्वी लढले, तेव्हापासून एकमेकांची यथेच्छ टर उडवायची, आणि त्यावर कुणी रागवायचं नाही, असा रिवाज आहे. या दोघी तर उठता-बसता एकमेकींना टोमणे मारायच्या. त्यामुळे झेलिपा दारातून म्हणाली, "अगं माकडखाऊ, ते झाकण वितळेल. पडदा पेटेल तुझा." तेव्हा मुसेंगेला ते रोजचंच वाटलं.

"पेटू दे की, उंदीरखाऊ. तुझे उंदीर भाजून होतील."

दोघी हसल्या. झेलिपा जरा कमी हसली, पण ते मलाच दिसलं.

त्याच संध्याकाळी दिवे गेले. नवरा खाणीत पाळीवर होता. कातोंगोला निजवून मुसेंगे अंगणात शेगडीवर न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, घोटायला बसली. मेणबत्ती आत झाकणावर तशीच जळत. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. झाकण मऊ पडलं, मेणबत्ती कलली, आडवी झाली. रुमालानं पेट घेतला आणि मग पडद्यानं. मला हात असते, तोंड असतं, तर? पण मी पडले ताटली.

कुंपणापलीकडून झेलिपा ओरडली, "मुसेंगे, आग! पोर आत आहे!"

आणि मुसेंगे हसली. न्शिमा घोटता घोटता हसली आणि विचारलं, "काय गं, उंदीर करपला का?"

कोंबड्यासुद्धा उडून पळाल्या होत्या. झेलिपानं अंगणातल्या बादलीत आपलं कमरेला गुंडाळलेलं चितेंगे बुचकळलं, ते डोक्यावर घेतलं आणि आत शिरली. मग कुठे मुसेंगेनं वळून पाहिलं. हातातला दांडा गळून पडला.

कातोंगो वाचला. त्याचा डावा कान आणि खांदा भाजला. दवाखान्यात तो जे रडला, ते मुसेंगे कधी विसरेल असं मला वाटत नाही. विसरूही नये.

पोर घरी आल्यावर झेलिपा आली. अंगणातून मला उचललं, राखेनं खसाखसा घासलं. माझ्यावर स्वतःच्या घरची ताटली पालथी घातली, पांढऱ्या कापडात बांधलं आणि दारात गुडघे टेकून बसली. मुसेंगे टोमण्याची वाट पाहत होती. तिला तो हवा होता, म्हणजे सगळं पहिल्यासारखं झालं असतं.

"आज मी तुझी चेष्टेतली नाही," झेलिपा म्हणाली. "सरळ सांगितलेलं तू ऐकलं नाहीस. म्हणून तुमच्या रीतीनं आलेय. उघडलंस तर ऐकलंस असं समजेन."

मुसेंगेनं गाठ सोडली. वरची ताटली उचलली. माझ्यात त्या झाकणाचा वितळलेला काळा गोळा होता, त्यात वात रुतलेली. ती तोंडावर हात घेऊन रडली. झेलिपानं तिला गप्प केलं नाही. बरं केलं.

आता मी परत घरात आहे. भोवती पाणी, पडदा लांब, खोलीतून निघताना फुंकर. मुसेंगे कधी मला पुसताना हळू हात फिरवते, पण माझा राग गेलेला नाही. तुमच्याही घरी कुठेतरी झाकणावर, पुस्तकांच्या ढिगावर मेणबत्ती उभी असेल आणि तुम्ही "येतोच" म्हणून बाहेर गेला असाल. जा, आधी ती विझवा. माझी गोष्ट कुठे पळून जात नाही.

काडी ओढल्याचा आवाज आला की कातोंगो अजून डाव्या कानावर हात ठेवतो.