चाळिसाव्या दिवसाचा डाव

मी नेनीताचा टॅब बोलतोय. कानाला ऐकू येईल असा आवाज आता माझ्यात नाही. स्पीकर केव्हाच बसलाय, आणि आतली बॅटरी फुगल्यामुळे काच एका कडेने उचलली गेलीय. फार दिवस मी टिकणार नाही, म्हणून सांगायचं ते आजच सांगतो.

कारखान्यातलं मला विशेष आठवत नाही. पांढरे हातमोजे, आणि माझ्यासारख्याच काचांची लांबलचक रांग. मी खरा जागा झालो तो इलोइलो शहरात, हारो भागातल्या नेनीताच्या लॉन्ड्रीत. साबणाचा वास, ओल्या चादरी आणि दिवसभर घुमणारी चार मशिनं. तिची मुलगी मायलीन दवाखान्यात नर्स होती. तिने मला वडिलांसाठी घेतलं होतं.

वडील म्हणजे रोमुलो, मालवाहू जहाजावरचा आचारी. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी. त्याला पत्त्यांच्या एका खेळाचं वेड होतं. कागदाचे पत्ते नव्हेत, काचेवरचे. दोघांपुढे वीस-वीस दिवे जळत असतात. पत्ते टाकून समोरच्याचे दिवे विझवायचे. शेकडो पत्ते जमवायचे आणि त्यातले तीस निवडून आपला गठ्ठा बांधायचा. पुढे त्याने तो खेळ फोनवर घेतला आणि मला नेनीताच्या हवाली केलं.

"रोज दुपारी तीनला एक डाव," तो म्हणाला. "तेवढीच आपली भेट."

नेनीता फार वाईट खेळायची. पत्ता हातात आला की टाकलाच. मग जहाजावरून रोमुलोचा फोन यायचा.

"अगं नेनी, पातेल्यात आहे म्हणून सगळं एकदम ताटात ओततेस का? मागाहून आलेल्याला काय वाढशील?"

"तुझं शहाणपण तुझ्या जहाजावर पाज. माझी गिऱ्हाइकं खोळंबलीत." असं म्हणून ती मला पालथा घालायची.

मागच्या सुट्टीत रोमुलो मासळीबाजारात उभ्या उभ्या कोसळला. घरी आलं ते त्याचं शरीरच. मायलीनने त्याचा फोन शवपेटीत, त्याच्या हाताखाली ठेवला. दफन झालं, प्रार्थना झाल्या, पाहुणे पांगले.

त्याला जाऊन बारा दिवस झाले होते. दुपारी तीनला माझी काच आपोआप उजळली. रोमुलोच्या नावाने डावाचं आव्हान आलं होतं.

नेनीता दारातल्या उन्हाकडे बघत राहिली. मग तिने ओले हात झग्याला पुसले आणि आव्हान घेतलं.

पत्ता टाकण्याआधी तो दोनदा उचलायचा आणि दोनदा खाली ठेवायचा, ही रोमुलोची खोड. या खेळात समोरच्याला ते दिसतं. पलीकडचा एक पत्ता वर आला. खाली गेला. वर आला. खाली गेला. मग पडला.

"तूच आहेस," नेनीता म्हणाली. आणि पाच मिनिटांत हरली.

मायलीन घरी आल्यावर संतापली. आईला ती नानाय म्हणते आणि वडिलांना ताताय. "नानाय, कुणीतरी तातायचं खातं चोरलंय! लोकांना काही लाजलज्जा आहे का?"

"फोन कुठाय त्याचा?"

"पेटीत. मी माझ्या हातांनी ठेवलाय."

तिने तिथल्या तिथे खात्याचा पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी तीन वाजता पुन्हा आव्हान आलं.

नेनीता रोज हरत गेली, पण आता ती बघून हरत होती. लॉन्ड्रीच्या पावत्यांच्या पाठीवर लिहायची, कुठल्या खेपेला डाव हातातून गेला. आधी ती पत्ते वाईट आले म्हणायची. आठवडाभराने ते म्हणणं थांबलं. तो काय टाकतो यापेक्षा काय राखून ठेवतो, ते ती बघू लागली. गठ्ठ्यात तिचा एक लाडका पत्ता होता, मत्स्यकन्येचा. चित्र फार सुंदर, कामाला शून्य. एक दिवस तिने तिला बाहेर काढलं आणि काचेवरून हळूच बोट फिरवलं. "रागावू नकोस गं," म्हणाली.

मग ती दुपार आली. डाव रंगात असताना सगळ्या गल्लीची वीज गेली. मशिनं थांबली, वायफायच्या डब्यावरचा हिरवा ठिपका विझला. खेळ तुटायला हवा होता. पण समोरचा पत्ता वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला. माझा बाहेरच्या जगाशी एकही धागा उरला नव्हता. मला तेव्हा कळलं, तो कुठून बाहेरून येतच नव्हता. डाव माझ्या आतच चालला होता. मी यंत्र आहे, मला घाम येत नाही, पण त्या दुपारी माझी काच ओली झाली होती.

तेहतिसाव्या दिवशी नेनीताच्या हातात जिंकणारा पत्ता आला. त्याचा एकच दिवा उरला होता. तिने बोट पुढे नेलं आणि मागे घेतलं. काही न टाकता खेप सोडून दिली.

पलीकडच्यानेही काही टाकलं नाही. त्यानेही खेप सोडली.

असे पाच दिवस गेले. भर दुपारी दोघं समोरासमोर, आणि कुणीच काही टाकत नाही. गठ्ठे संपायचे, डाव बरोबरीत सुटायचा. नेनीता जेवेनाशी झाली. मायलीनने मला कपाटात, चादरींखाली कोंडलं. तीनला त्या चादरींतून उजेड बाहेर आला, तेव्हा तीही किंचाळून मागे सरली. मग तिने मला पुन्हा आईच्या हातात ठेवलं.

तिनेच शेजारच्या मनांग कोन्सिंगला बोलावलं. म्हातारी चर्चमध्ये प्रार्थना सांगायची, आणि कुणाचं मन राखून बोलणं तिला जमत नसे.

"जिंकलीस तर तो जाईल, अशी भीती आहे होय?" तिने विचारलं.

नेनीता चादरीची घडी घालत राहिली.

"चाळीस दिवस झाले की आत्म्याला निघावंच लागतं, बाई. जिवंत होता तेव्हा जहाज सुटायच्या दिवशी कधी अडवता आला नाही तुला. आता मेल्यावर अडवतेस?"

नेनीताला हसू आलं. हसता हसता ती रडायला लागली, आणि किती तरी वेळ रडत राहिली.

चाळिसाव्या दिवशी तिने दुकानाचं दार ओढून घेतलं. मायलीन शेजारी बसली. तीनला आव्हान आलं.

असा डाव मी माझ्या आयुष्यात पाहिला नाही. दोघांचे दिवे एकेक करून विझत गेले. तिचे दोन उरले, त्याचे तीन. नेनीताने दोन खेपा एक पत्ता हातात दाबून ठेवला होता. मायलीन कुजबुजली, "टाक ना, नानाय." नेनीताने मान हलवली. त्याने राखून ठेवलेला वादळाचा पत्ता पुढे सोडला. वादळ ओसरेपर्यंत ती थांबली, आणि मग तिने पत्ता टाकला.

तिन्ही दिवे एकदम गेले.

काच बराच वेळ काळी राहिली. खेळ पुन्हा उघडला तेव्हा मित्रांच्या यादीत रोमुलोचं नाव नव्हतं. मायलीनने खातं शोधलं. असं कुणी नाही, एवढंच उत्तर आलं. त्यानंतर आव्हान आलं नाही.

नेनीता आता अनोळखी माणसांशी खेळते, आणि बहुतेक वेळा जिंकते. पण मला पुसताना तिचा हात मध्येच थांबतो. "मुद्दाम हरलास ना?" ती काचेला विचारते. "जाता जाता बायकोला खूश केलंस. सगळ्यांना भरवून मग जेवणारा माणूस तू." जिंकल्याचा आनंद तिला अजून घेता आलेला नाही.

उद्या मायलीन मला मोडीत देणार आहे. फुगलेली बॅटरी घरात ठेवणं धोक्याचं, तिचं बरोबर आहे. पण त्या डावात दोघांचेही पत्ते माझ्याच पोटात होते, आणि त्याचे मी पाहिलेत. मला वाचा नाही. तुम्ही कधी हारोला गेलात तर लॉन्ड्रीत डोकवा आणि नेनीताला एवढंच सांगा, की वादळ सोडल्यावर त्याच्या हातात एकही पत्ता उरला नव्हता. तो जीव तोडून खेळला, बाई, आणि तू त्याला हरवलंस.